विहिरीत पाणी सोडण्यापूर्वी

पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, हे आम्हीही सांगतो. त्याने विहिरीला पाणी वाढते, क्षार व फ्लोराइड यांचे प्रमाण सहसा उतरते. परंतु शेतातले वा गोठ्यापुढचे पाणी थेट विहिरीत सोडणे आम्हांस मान्य नाही. त्यासोबत शेण, युरिया व फवारणीचे औषधही उतरते. काळ्या खडकाच्या भेगा ते गाळीत नाहीत. लिटरमागे 45 मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताला घातक ठरू शकते, आणि पाणी उकळून ते जात नाही. म्हणून पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्यावे. नंतरचे कौलांवरचे पाणी वाळू-खडीतून गाळून विहिरीत घ्यावे. शेतातले पाणी विहिरीपासून दूर, चरांत मुरवावे. आपल्या विहिरीच्या झऱ्यावर शेजाऱ्याचे मूलही वाढत असते.