हाताचे खाते चालू ठेवा

पक्षाघातातून उठून माणूस घरी आला, की भेटायला येणारे विचारतात, ‘चालायला लागले का?’ चार पावले टाकली की घरात आनंदीआनंद होतो. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहतो. त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही. खरे पाहता जेवणाचा घास, आंघोळीचा तांब्या, सदऱ्याची बटणे, लेंग्याची नाडी हे सारे हाताच्याच भरवशावर चालते.

हात किती सुधारला, हे मोजण्याच्या रीतसर चाचण्या आहेत. स्वीडनमध्ये १९७५ साली तयार झालेल्या फुगल-मेयर चाचणीत खांद्यापासून बोटांपर्यंतच्या हालचालींना ६६ गुण असतात. १९८१ साली लाइल यांनी मांडलेल्या ‘ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट’मध्ये १९ कृती आहेत. लाकडी ठोकळा उचलून फळीवर ठेवायचा, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायचे, गोटी चिमटीत धरायची, हात डोक्यामागे न्यायचा. प्रत्येक कृतीला शून्य ते तीन, एकूण गुण ५७. ‘आता जरा बरे आहे’ या मोघम उत्तरापेक्षा असा आकडा डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना कितीतरी उपयोगाचा असतो.

बँकेत उमेद घालवल्यामुळे आकड्यांवर माझा विश्वास आहे. पण शिल्लक वेगळी आणि उलाढाल वेगळी, हेही तिथेच समजले. खात्यात पैसे असूनही दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने व्यवहार केला नाही, तर बँक ते खाते निष्क्रिय धरते. हाताचेही असे होऊ शकते. चाचणीच्या टेबलावर पेला उचलणारा हात घरी आल्यावर नुसता बसून असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी या जडलेल्या सवयीचा पुष्कळ अभ्यास केला. म्हणूनच ‘मोटर ॲक्टिव्हिटी लॉग’ या पद्धतीत रुग्णाला, आणि कधी घरच्यांनाही, विचारतात की रोजच्या कामात हा हात किती आणि कसा वापरला जातो.

आपल्याकडे ही सवय बऱ्याचदा मायेने लागते. सूनबाई घास भरवते, मुलगा बटणे लावून देतो. त्यात प्रेम असते, घाईही असते. हाताला जे थोडेफार जमते आहे, त्याची संधी मात्र हुकते. ताट धरून ठेवणे, टॉवेलची घडी घालणे, शेंगा सोलणे, दिव्याचे बटण दाबणे, यांतले जे झेपेल ते थेरपिस्टना विचारून त्या हाताकडे सोपवावे आणि वेळ लागला तरी थांबावे. गरम चहाचा कप मात्र देऊ नये. काही हात पूर्ववत होत नाहीत. तिथे ‘तुम्ही प्रयत्नच करत नाही’ असे ऐकवणे हा निव्वळ अन्याय आहे.

घरात एक वही ठेवावी. या आठवड्यात हाताने आपण होऊन काय केले, ते दोन ओळींत लिहावे आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्यावी. चाचणीच्या गुणांशेजारी ही नोंद असली, तर पुढचे उपचार ठरवणाऱ्याला पुरा हिशेब दिसेल.