बिल ई-मेलने, भरवसा कशाने?

विशेष प्रतिनिधी

दूरध्वनीचे बिल घेऊन येणारा पोस्टमन शहरी जीवनातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. मुंबईत महानगर टेलिफोन निगमचे आणि उर्वरित राज्यात भारत संचार निगमचे बिल पूर्वी कागदावर येत असे. ते भरण्यासाठी रांग लावावी लागे आणि शिक्का मारलेली पावती वर्षानुवर्षे फायलीत जपली जाई. आज पोस्टपेड मोबाइल, ब्रॉडबँड आणि उरल्यासुरल्या लँडलाइनची बिले बहुतांशी ई-मेलने येतात. कागद वाचतो, टपालखर्च वाचतो, बिल वेळेवर मिळते, हे फायदे खरेच आहेत. मात्र पाकिटाबरोबर ग्राहकाच्या हातातील एक साधी खूणही गेली. समोर आलेले बिल खरोखर कंपनीनेच पाठवले आहे, हे आता त्याने कशावरून ओळखायचे?

देशातील बहुसंख्य मोबाइलधारक प्रीपेड असल्याने हा प्रश्न मूठभरांचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु नोकरदार, व्यावसायिक, छोटी कार्यालये आणि ब्रॉडबँड घेतलेली कुटुंबे या मूठभरांतच मोडतात. शिवाय वीज, गॅस आणि विमा यांची कागदपत्रेही याच वाटेने येऊ लागली आहेत. फोनच्या बिलाला लागू पडणारी चर्चा त्या सर्वांनाच लागू पडते.

साधा कागद नव्हे

फोनचे बिल म्हणजे केवळ रकमेची मागणी नव्हे. त्यावर ग्राहकाचे पूर्ण नाव, घरचा पत्ता, क्रमांक आणि खातेक्रमांक असतो. रिझर्व्ह बँकेच्या ‘केवायसी’ नियमांनुसार दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले दूरध्वनीचे किंवा पोस्टपेड मोबाइलचे बिल पत्त्याचा मर्यादित पुरावा म्हणून चालते. म्हणजेच परक्याच्या हाती पडलेले बिल हे परक्याच्या हाती पडलेले ओळखपत्रच ठरू शकते.

तपशीलवार बिल असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. कोणत्या क्रमांकावर, किती वाजता, किती वेळ बोलणे झाले, हे त्यातून कळते. या माहितीला काळ्या बाजारात किंमत आहे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नागरिकांच्या कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकणारी साखळी ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये उघडकीस आणली, तेव्हा काही खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. जी माहिती पोलिसांनाही ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून मिळू नये असा नियम आहे, तीच माहिती चुकीच्या ई-मेल पत्त्यावर आपोआप जात असेल, तर त्या नियमाला फारसा अर्थ उरत नाही.

चुकीच्या पत्त्याची ही भीती काल्पनिक नाही. जोडणी घेताना दुकानातील कर्मचारी अर्जावरील ई-मेल पत्ता घाईत टंकतो. एखादे अक्षर चुकते आणि बिल दरमहा त्याच नामसदृश दुसऱ्या व्यक्तीकडे जात राहते. कागदी पाकीट चुकीच्या घरी गेले तर शेजारी ते आणून देत असे. ई-मेलच्या जगात असा शेजारी नाही. नोंदवलेल्या पत्त्यावर खात्रीचा दुवा पाठवून, त्याला उत्तर आल्यावरच बिले सुरू करणे, हा साधा उपाय आहे. तो सर्वत्र काटेकोरपणे पाळला गेला तर निम्मी डोकेदुखी मिटेल.

पाठवणारा कोण?

ई-मेलची मूळ रचनाच विश्वासावर उभी आहे. आजही वापरात असलेल्या ‘एसएमटीपी’ या पद्धतीचा पाया १९८२ मध्ये घातला गेला. तेव्हा संगणकांचे जाळे विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरतेच होते. प्रेषकाचे नाव तपासण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच हे होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे ‘एसपीएफ’, ‘डीकेआयएम’ आणि ‘डीमार्क’ या तीन पद्धती आल्या. कंपनीच्या नावाने टपाल पाठवण्याचा अधिकार कोणत्या संगणकांना आहे, पत्र वाटेत बदलले गेले आहे काय आणि तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे, हे त्यांतून ठरते. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या ग्राहकांना पाठवणाऱ्यांवर गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्हींची सक्ती केली. याहूनेही त्याच सुमारास तसेच पाऊल उचलले.

तरीही भामट्यांसाठी एक वाट मोकळी राहते. कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नवे नाव नोंदवायचे, त्या नावासाठी तिन्ही तपासण्या रीतसर पूर्ण करायच्या आणि त्यावरून बनावट बिल पाठवायचे. यंत्राच्या दृष्टीने ते पत्र निर्दोष असते. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बहुधा प्रेषकाचे नावच दिसते, पत्ता दिसत नाही. त्यामुळे ग्राहकही फसतो.

कुलूप आणि किल्ली एकत्र

सुरक्षिततेची ग्वाही म्हणून अनेक कंपन्या बिलाची फाइल पासवर्डने बंद करून पाठवतात. हा पासवर्ड बहुधा नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मतारीख यांचा बनलेला असतो. तो कसा तयार करायचा, हे त्याच पत्रात लिहिलेले असते. कुलपाशेजारीच किल्लीचा नकाशा टांगून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

हिशेब करून पाहावा. नाव पत्रातच असते. पासवर्डात जन्मदिवस आणि महिनाच असेल, तर शक्यता केवळ ३६६ उरतात. पूर्ण जन्मतारीख धरली आणि ग्राहकाचे वय १८ ते ९० च्या दरम्यान मानले, तरी आकडा साधारण २६ हजारांपलीकडे जात नाही. साध्या संगणकालाही हे काही मिनिटांचे काम आहे. जन्मतारीख तर समाजमाध्यमांवर मित्रमंडळींच्या शुभेच्छांतून जाहीर होतच असते.

या पद्धतीचा दुसरा तोटा अधिक गंभीर आहे. कुलूपबंद फाइलच्या आत काय आहे, हे ई-मेल सेवेच्या विषाणूतपासणीलाही दिसत नाही. म्हणजे पासवर्ड टाकून अनोळखी फाइल उघडण्याची सवय कंपन्यांनीच ग्राहकांना लावली. तिचा लाभ उद्या कोण घेईल, याचा विचार झालेला दिसत नाही.

बनावट बिलांचा अनुभव

जर्मनीत २०१४ मध्ये डॉइश टेलिकॉमच्या नावाने बनावट बिलांचा पूर आला होता. बिल पाहण्यासाठी दुवा दाबताच संगणकात घातक प्रणाली शिरत असे. पुढे जगभर कुप्रसिद्ध झालेला ‘इमोटेट’ हा विषाणू त्याच वर्षी उजेडात आला आणि बनावट बिले हे त्याचे आवडते वाहन होते. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे जाळे उद्ध्वस्त केले, तरी त्याच वर्षअखेर तो पुन्हा दिसला. बिलाचे नाव पाहताच माणूस विचार न करता फाइल उघडतो, हे गुन्हेगारांनी अचूक हेरले होते.

महाराष्ट्राचा अनुभव थोडा वेगळा, पण त्याच जातीचा आहे. ‘मागील बिल न भरल्याने आज रात्री वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ अशा संदेशांनी २०२२ मध्ये अनेकांना गंडा घातला गेला. महावितरणला वारंवार सावधगिरीचे आवाहन करावे लागले. सेवा बंद पडण्याची भीती आणि थोडाच वेळ हातात असल्याचा आभास ही या फसवणुकीची दोन हत्यारे आहेत. फोनच्या बिलातही नेमकी हीच दोन हत्यारे चालतात. अशा तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण शिक्षा होण्यासाठी आधी गुन्हेगार सापडावा लागतो.

न पाहिलेल्या बिलाची जबाबदारी

विश्वासाचा प्रश्न केवळ भामट्यांपुरता नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली. त्याच कायद्याचे कलम १३ असे सांगते, की उभय पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल, तर नेमून दिलेल्या संगणकीय साधनात नोंद शिरताच ती मिळाली असे मानावे. आता बिल नको असलेल्या पत्रांच्या ‘स्पॅम’ कप्प्यात पडले आणि ग्राहकाने ते पाहिलेच नाही, तर विलंबशुल्क कोणी सोसायचे? कलमाच्या शब्दांचा कल पाठवणाऱ्याच्या बाजूने आहे, असे मानायला जागा आहे. कागदी बिल सोडताना याची कल्पना किती ग्राहकांना दिली जाते?

रक्कम खात्यातून परस्पर वळती होत असेल, तर न पाहिलेले बिल आणखी महाग पडू शकते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात, महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या ग्राहकाला २०१३ मध्ये २४ हजारांहून अधिक रुपयांचे बिल आले होते. तेथे मुद्दा होता तो अशा तक्रारी ग्राहक न्यायालयात नेता येतात की नाही, एवढाच. २००९ च्या एका निकालामुळे ते दार बंद झाल्यासारखे झाले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने व्होडाफोन आयडियाचे अपील फेटाळून ते ग्राहकांसाठी उघडे असल्याचे स्पष्ट केले. आपोआप होणाऱ्या वसुलीबाबत रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून किमान २४ तास आधी सूचना देण्याचे बंधन बँकांवर घातले, हाही दिलासाच आहे. परंतु ही सूचनाही वाचली तरच उपयोगाची.

उपाय आहेत, इच्छा हवी

व्यावसायिक एसएमएसच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, बरेच काही केले आहे. पाठवणाऱ्याचे शीर्षनाम नोंदवावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर यादीत नसलेले दुवे असणारे संदेश अडवण्याचे आदेश आहेत. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ असे राखीव नामक्षेत्र ठरवून ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. त्या नावाने टोक संपत असेल तर संकेतस्थळ बँकेचेच, अशी सोपी खूण ग्राहकाला मिळाली. फोनच्या बिलांसाठीही अशीच एक खूण ठरवता येईल. ज्या कंपन्या इतरांचे संदेश पडताळतात, त्यांनी स्वतःच्या पत्रांना तोच नियम का लावू नये?

बिलावर ‘संगणकनिर्मित असल्याने सहीची आवश्यकता नाही’ असे छापण्याऐवजी प्रत्येक फाइलवर डिजिटल स्वाक्षरी असावी. तिच्यामुळे बिल कोणी दिले आणि नंतर त्यात बदल झाला काय, हे तपासता येते. पत्रात पैसे भरण्याचा दुवा देऊच नये. रक्कम आणि मुदत कळवावी आणि बिल पाहण्यासाठी ग्राहकाने स्वतः कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर जावे. ज्येष्ठ नागरिकांना आणि संगणक न वापरणाऱ्यांना कागदी बिल विनातक्रार मिळत राहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेतील हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी त्याच्या अंमलबजावणीचे टप्पे आखले. त्या निमित्ताने तरी बिले पाठवण्याच्या पद्धतीचा फेरविचार व्हावा.

तोवर ग्राहकांनी काही पथ्ये पाळलेली बरी. प्रेषकाचे नाव न पाहता पूर्ण पत्ता पाहावा. पत्रातील दुवा न दाबता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकावा. रक्कम नेहमीपेक्षा वेगळी दिसल्यास पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर जुन्या बिलावरील क्रमांकावर चौकशी करावी. दुसऱ्याचे बिल आपल्याकडे आले, तर ते उघडून न पाहता कंपनीला कळवावे. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. बिलाच्या रकमेबद्दल वाद असेल, तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि मग तिच्याच अपील यंत्रणेकडे दाद मागता येते.

कागदी काळ निर्दोष होता, असे मुळीच नाही. इमारतीखालच्या उघड्या टपालपेटीतून कोणाचेही पाकीट कोणीही उचलू शकत होते. फरक एवढाच, की तेव्हा चोराला त्या इमारतीपर्यंत यावे लागे आणि एका वेळी एकच पाकीट हाती लागे. आता एका चुकीतून हजारो घरांची माहिती बाहेर पडू शकते. ई-मेल बिलामुळे वाचलेला कागद आणि टपालखर्च प्रामुख्याने कंपनीचा आहे. तेव्हा त्या बचतीतला काही भाग ग्राहकाच्या सुरक्षिततेवर खर्च व्हावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.