चौथा नंबर आणि आपल्या टाळ्या

७ ऑक्टोबर २०२४ ला दीपा कर्माकरने निवृत्ती जाहीर केली. त्या दिवशी माझ्या टाइमलाइनवर एकच क्लिप फिरत होती: रिओ, २०१६, प्रोडुनोव्हा. खाली तिरंगे, हात जोडलेले इमोजी आणि ‘शेरनी’. त्या उडीनंतर ही मुलगी आणखी आठ वर्षं खेळत होती, याचा पत्ता कुठल्याच कॅप्शनमध्ये नव्हता. माझं भांडण त्या क्लिपशीच आहे. ती जिथे संपते तिथे आपलं कौतुक संपतं आणि आपली जबाबदारीही.

आधी ती उडी समजून घेऊ. जोरात धावत यायचं, स्प्रिंगबोर्डवरून झेपावून व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकायचे आणि हवेत पुढच्या दिशेने सलग दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचं. फिरकी थोडी कमी पडली तर मान आणि पाठीचा कणा पणाला. म्हणून तिला ‘मरणाची उडी’ म्हणतात. जगात ही उडी स्पर्धेत मारणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. सिमोन बाइल्स त्यांच्यात नाही. मला मरायचं नाहीये, अशा अर्थाचं तिचं उत्तर प्रसिद्ध आहे.

मग आगरतळ्याच्या, जन्मतः सपाट तळव्यांच्या मुलीने हीच उडी का निवडली? शौर्य वगैरे ठीक आहे, पण खरं उत्तर गणितात आहे. जिम्नॅस्टिक्समध्ये काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाई येते ती चांगल्या फोम पिटमधून, सोबतच्या फिजिओमुळे, वर्षभर मिळणाऱ्या स्पर्धांतून. हे सगळं नसेल तर काठिण्य वाढवायचं. तेव्हा प्रोडुनोव्हाचं काठिण्य ७.० होतं. दीपा आणि तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांना परवडणारं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे धोका. तो त्यांनी वापरला. आपण मात्र त्या नाइलाजाला ‘जिद्द’ असं गोंडस नाव दिलं आणि मोकळे झालो.

त्या वेळी या खेळाचा कारभार कसा होता? राष्ट्रीय महासंघात गटबाजी, आणि क्रीडा मंत्रालयाची मान्यता जवळजवळ दशकभर गेलेली. ती परत मिळाली २०२१ मध्ये. म्हणजे २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतलं कांस्य, २०१५ च्या जागतिक स्पर्धेतला पाचवा नंबर, ऑलिम्पिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट हा मान, हे सगळं घरात कर्ता माणूस नसताना मिळवलेलं आहे. रिओला तिचा फिजिओसुद्धा सुरुवातीला सोबत नव्हता. ती अंतिम फेरीत पोहोचल्यावर त्याला बोलावण्यात आलं.

अंतिम फेरीत तिला १५.०६६ गुण मिळाले. कांस्य जिंकणाऱ्या जिउलिया स्टाइनग्रुबरला १५.२१६. फरक ०.१५० चा. एवढ्या फरकात काय काय मावू शकतं, हा प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. त्याऐवजी बक्षीस समारंभ झाले. सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यू मिळाली. आगरतळ्यातले रस्ते अरुंद आणि दुरुस्तीची सोय नाही, म्हणून ती गाडी तिने परत केली. यावर आपण विनोद केले. मला तर भारतीय क्रीडा कौतुकाचं याहून नेमकं चित्र सापडत नाही: वस्तू चकचकीत, पण चालवायला रस्ताच नाही.

पुढे २०१७ मध्ये गुडघ्याचं एसीएल फाटलं, शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये तुर्कस्तानात मेर्सिनला ती वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये सुवर्ण घेऊन परतली. मग पुन्हा गुडघा. टोकियो हुकलं.

‘पण डोपिंगचं काय?’ हे विचारणारे असतातच, आणि त्यांना विचारू द्यावं. ऑक्टोबर २०२१ च्या नमुन्यात हायजेनामाइन सापडलं, २१ महिन्यांची बंदी आली. आपण ते अजाणता घेतलं असं तिचं म्हणणं, पण शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, हा नियम आहे आणि तो असायलाच हवा. तिला सूट द्या असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप कुजबुजीला आहे. बंदीचं कारण सगळ्यांना कळलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. तोपर्यंत ‘दीपा कुठे गायब आहे?’ याचं सरळ उत्तर ना तिने दिलं, ना व्यवस्थेने.

बंदी १० जुलै २०२३ ला संपली. त्याच महिन्यात आशियाई क्रीडा स्पर्धेच्या निवड चाचणीत ती पहिली आली आणि तरीही हांगझोऊला गेली नाही. निकष मागच्या बारा महिन्यांतल्या कामगिरीचा होता. बंदीत असलेल्या खेळाडूने ती आणायची कुठून? शिक्षा भोगून झाल्यावर दिलेली ही दुसरी शिक्षाच होती. पुढच्या मे महिन्यात ताश्कंदला तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. असं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. वय ३०. पॅरिसचं तिकीट मात्र मिळालं नाही.

आता बाइल्सकडे बघा. टोकियोत हवेत असताना दिशेचं भान सुटतंय हे कळल्यावर ती थांबली. शिव्या खाल्ल्या, पण थांबली, आणि पॅरिसमध्ये तीन सुवर्णं घेऊन गेली. ‘नाही’ म्हणता येणं हीसुद्धा एक सुविधा असते, फोम पिटसारखी. ती दीपाला आपण कधी दिली नाही, कारण तिच्या ‘हो’वरच आपला सगळा अभिमान उभा होता.

मल्लखांबाच्या या महाराष्ट्रात लवचिक अंगाच्या पोरांची कमी नाही. तुमच्या जिल्हा क्रीडा संकुलात एकदा जाऊन या. व्हॉल्टचं टेबल आहे का, मॅट फाटलेल्या आहेत का, मुलगी पडली तर तिला बघायला कोण आहे, हे विचारा. उत्तराचा फोटो काढा आणि तो शेअर करा.