खुंटीवरचा मास्क

कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२१ मध्ये, जळगावजवळ कुसुंबा इथल्या एका कारखान्यात गाद्यांमध्ये कापसाऐवजी वापरलेले मास्क भरले जात होते, हे पोलिसांच्या छाप्यात उघड झाले. संताप व्हायलाच हवा. पण त्या मास्कच्या ढिगाकडे बघून नाक मुरडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या दारामागच्या खुंटीवर तोच एक मास्क आठवडाभर लटकत होता? फेरवापर सगळेच करत होते. तो कसा करावा, हे मात्र कुणी धड सांगत नव्हते.

ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने एन-९५ मास्कची किंमत १९ ते ४९ रुपयांत बांधून दिली, हे चांगले झाले. तरी सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभ्या राहणाऱ्या रखवालदाराने रोज नवा घ्यायचा म्हटले, तर त्या दरातला स्वस्तातला धरूनही महिन्याचे ५७० रुपये होत होते. तो घेणार नव्हता. तो मास्क धुणार, नाहीतर त्यावर सॅनिटायझर मारणार होता. आणि घात तिथेच होतो.

एन-९५ म्हणजे नुसती बारीक चाळण नव्हे. त्याच्या आतल्या पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू सूक्ष्म कण ओढून धरतात. साबण किंवा सॅनिटायझरमधले स्पिरिट लागले की हा भार उतरतो. मास्क दिसायला पांढराशुभ्र राहतो. गाळण्याची ताकद मात्र बरीच घटलेली असते. तंतूंना असा भार देण्याचे तंत्र विकसित करणारे शास्त्रज्ञ पीटर त्साय २०२० मध्ये निवृत्ती सोडून पुन्हा प्रयोगशाळेत गेले. त्यांचा घरगुती सल्ला अगदी साधा होता: काही मास्क ठेवा आणि आलटून पालटून वापरा. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने टंचाईच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांना हेच सांगितले. पाच मास्क, प्रत्येकाची वेगळी कागदी पिशवी आणि दोन वापरांत किमान पाच दिवसांचे अंतर. पिशवी कागदाचीच हवी, प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो. पट्टा सैल पडला, मास्क मळला किंवा भिजला, की तो टाकायचा. कापडी मास्कची गोष्ट उलटी: तो रोज साबणाने धुवावाच. निळा तीनपदरी मास्क एकदा वापरून संपला.

रुग्णालयांत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने मास्कचे निर्जंतुकीकरण होऊ शकते, पण ते यंत्रांचे काम आहे. शिवाय अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयांना पुन्हा नव्या मास्ककडे वळायला सांगितले. मास्क निर्जंतुक करायला घरच्या कुकरच्या शिट्ट्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

साथीच्या काळात मुंबई महापालिका विनामास्क माणसाकडून २०० रुपये दंड घेत होती आणि हातात एक मास्क देत होती. त्या पावतीच्या मागे फेरवापराच्या वरच्या चार ओळी छापायला किती खर्च आला असता? सोबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचनाही छापायला हवी होती: टाकायचा मास्क कापून ७२ तास कागदी पिशवीत ठेवा, मगच कचऱ्यात द्या. कापलेला मास्क धुऊन पुन्हा विकता येत नाही. गादीत मात्र तो तरीही भरता येतो. तिथे कात्री चालत नाही, पोलीसच लागतात.