रंगावर जाऊ नका, गाडीखाली वाका!

संध्याकाळी धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडवर अर्धा तास उभे राहा. एखादी लाल पोलो जीटी, एखादी अबार्थ पुंटो, नशीब जोरावर असेल तर छप्पर उघडलेली झेड-फोर समोरून जाते आणि हातातला चहा हातातच राहतो. मग कट्ट्यावर ठरलेलं वाक्य येतं, ‘‘नवी नाही जमत ना भाऊ, सेकंडहँड पाहू!’’

पाहाच. जुनी गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. उलट काही गाड्या आता जुन्याच मिळतात. रांजणगावात बनणारी अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली आणि काही वर्षांतच बंद झाली. चाकणची पोलो २०२२ मध्ये थांबली. माझं म्हणणं एवढंच, की आपण गाडी उलट्या क्रमाने पाहतो. आधी रंग, मग अलॉय, मग एक्झॉस्टचा आवाज, मग किलोमीटर. पत्रा सगळ्यात शेवटी, आणि गाडीच्या खाली तर कोणी पाहतच नाही. हा क्रम बदला राजेहो, कारण पैसा तिथेच बुडतो.

इंजिन उघडून पुन्हा बांधता येतं. क्लच, टायर, शॉकअप बदलता येतात. खर्च होतो, पण गाडी गाडी राहते. आजच्या बहुतेक कारना मात्र वेगळी चेसिस नसते. वेल्डिंग केलेला पत्राच गाडीचा सांगाडा असतो. अपघातात धक्का तोच झेलतो, सस्पेन्शन त्यालाच धरून असतं. तो आतून सडला की वरून कितीही पॉलिश करा, शंभरच्या वेगात तुमचा जीव कुजलेल्या लोखंडाच्या भरवशावर असतो. स्पोर्ट्‌स कार कोणी चाळीसच्या वेगात चालवायला घेत नाही, म्हणून हा प्रश्न तिच्या बाबतीत जास्त गंभीर आहे.

‘आपल्या कोरड्या नागपुरात कुठला आला गंज?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. लोखंडाला गंजायला हवा आणि पाणी लागतं, मीठ मिळालं की काम लवकर होतं. म्हणून समुद्राकाठच्या गाड्या आधी गंजतात. पण गाडी एका गावात थोडीच राहते? नंबर एमएच-०१ असो, एमएच-०८ असो की गोव्याचा, ती गाडी इथे विकायला येते तेव्हा किनाऱ्यावरची खारी हवा खाऊनच आलेली असते. शिवाय नंबर एमएच-३१ आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. दारात उभ्या असलेल्या कार पाण्यात होत्या. हे सगळं धरमपेठेच्या अगदी शेजारी.

त्या गाड्यांचं पुढे काय झालं? काही मालकांनी नीट दुरुस्त करून ठेवल्या, काही विमा कंपन्यांच्या हिशेबात निकाली निघाल्या. बाकीच्या कधी ना कधी बाजारात येणारच. आणि आपल्या आरसी बुकवर ‘ही गाडी पुरात बुडाली होती’ अशी नोंद नसते. अमेरिकेत अनेक राज्यांमध्ये मालकीच्या कागदावरच तसा शिक्का मारतात. आपल्याकडेही तो हवा, असं माझं ठाम मत आहे. विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, याला व्यवहार कसं म्हणायचं? तो शिक्का येईल तेव्हा येईल. तोवर आपले डोळे आपणच वापरायचे.

त्यासाठी तीनच वस्तू न्या. टॉर्च, छोटं चुंबक आणि एक जुना रुमाल. गाडी दिवसा पाहा, कोरडी पाहा. नुकतीच धुतलेली गाडी दाखवली तर सांगा, ‘‘उद्या येतो.’’ ओल्या पत्र्यावर ओरखडे आणि रंगातला फरक दिसत नाही.

सुरुवात चाकांच्या वरच्या कमानीपासून करा. आतल्या कडेवरून बोट फिरवा. मग दरवाजे उघडून त्यांची खालची कड आणि पाय ठेवतो तो उंबरा पाहा. दरवाजात शिरलेलं पाणी बाहेर पडायला खाली भोकं असतात, ती मातीने बुजली की पत्रा आतून सडायला लागतो. रंगाला पुरळ आल्यासारखे फुगवटे दिसले तर समजा, गंज आतून बाहेर आलाय. डिकीतली स्टेपनी काढा, तिच्या खड्ड्यात पाणी साचतं. बॅटरीखालचा ट्रे पाहा. बॉनेट उघडून पुढचे शॉकअप जिथे वर बसतात, तो भाग पाहा. तिथे सडका पत्रा किंवा नवं वेल्डिंग दिसलं तर सरळ नमस्कार करा.

आता चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. एखाद्या जागी पकड अचानक ढिली झाली, तर खाली पुट्टीचा जाड थर आहे. बंपर प्लॅस्टिकचे असतात, काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक चिकटणारच नाही. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची तर बॉडीच फायबरग्लासची. पण तिचेही ब्रेकचे पाइप आणि नटबोल्ट गंजू शकतात. आणि हो, एखादा दरवाजा रंगवलेला दिसला म्हणून लगेच ‘फसवणूक’ ओरडू नका. सीताबर्डीच्या गर्दीत गाडी घासली जातेच. रंगवलं का, ते विचारा.

पुराची खूण शोधायची तर सीटखाली टॉर्च मारा. सीटच्या रुळात बारीक गाळ, डॅशबोर्डखालचे गंजलेले स्क्रू, कार्पेटचा कुबट वास, हेडलाइटमध्ये पाण्याची रेघ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, आतल्या टोकावर डाग राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं, गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. त्याचे पैसे तुम्ही द्या, मेकॅनिकही तुमचाच न्या. सगळाच गंज वाईट नसतो. एक्झॉस्टवर तांबूस थर येतोच. रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर आलेला गंज चार ब्रेक मारले की जातो. पण स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पापुद्रे पडले, तर तो पत्रा गेला. जुन्या गाडीखाली चकचकीत काळं कोटिंग नुकतंच मारलेलं दिसलं, तर विचारा, ‘‘याच्याखाली काय आहे?’’

बजेट बाईकचं असेल तरी नियम तोच. आरएक्स-१०० भारतात १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे सगळ्यात ‘नवी’ आरएक्ससुद्धा तुमच्यापेक्षा वयाने मोठी! टाकीत टॉर्च मारा, पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर गंजाचे खड्डे आहेत का पाहा, साइड स्टँडजवळची फ्रेम तपासा.

मग कागद. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. ‘‘पेपर नंतर करू’’ म्हणणाऱ्याला सांगा, ‘‘मग पैसेही नंतर.’’

विकणारा तुम्हाला घाई करेलच. ‘‘भाऊ, रामनगरचा एक पोरगा संध्याकाळी टोकन देतोय!’’ देऊ द्या त्याला. तुमच्या हातातले पैसे बाबांच्या एफडीतून आलेले असतील किंवा तुमच्या पहिल्या स्टायपेंडचे असतील, त्यांना घाई नाही. गाडी रीलमध्ये पंधरा सेकंद दिसते आणि घरी पुढची दहा वर्षं असते. गुडघ्याला थोडी माती लागली तर लागू द्या, पण खाली वाकून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.