आधी दात लावा, मग झाकणं विका!

तर झालं असं, की सुट्टीत नांदूरघाटला गेलो आणि फौजेतल्या धाकट्या चुलतभावाशी वाजलं. मोबाईलवर एका रायफलचा फोटो दाखवला. हँडगार्डला चारही बाजूंनी रेल, वर सगळीकडे कव्हरं. म्हटलं, "काय लूक आहे!" तो हसला. "दादा, रायफल लूकनं धरतेत का हातानं?"

हरलो, म्हणून लिहितोय.

पिकॅटिनी रेल म्हणजे १९९५ चं अमेरिकी लष्करी स्टँडर्ड. खाचांचं माप ठरलेलं, त्यामुळे कोणत्याही कंपनीची दुर्बीण किंवा टॉर्च बसतो. इंटरफेस म्हणून झकास! पण 'कधीतरी लागेल' म्हणून चारही बाजूंना? त्या कडा तळहाताला टोचतात, फायरिंगनं तापल्या की चटके देतात. मग वर प्लास्टिक नाहीतर रबर चढवा, म्हणजे जाडी आणि वजन वाढवा. आमच्या धंद्यात यालाच सगळे पोर्ट उघडे ठेवून फायरवॉल विकणं म्हणतात.

माझं मत ठाम आहे. आधी हात कुठे पडतो ते बघा, कव्हर तेवढ्यालाच लावा. फायरिंग जास्त असेल तर पूर्ण झाकणारं जाड पॅनेल, नाहीतर खाचांत बसणारी पातळ रबरी पट्टी. आणि हँडगार्डच नवं घ्यायचं तर एम-लॉकचं, जे अमेरिकेच्या विशेष दलांनी २०१७ मध्ये पसंत केलं. बाहेरून गुळगुळीत, रेलचा तुकडा हवा तिथेच जोडायचा.

आमच्याकडचे ऊसतोड कामगार कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळतात, तीही हात असतो तिथेच. पात्याला कुणी गुंडाळलेली पाहिली आहे का?

असो.