पाळणा रिकामाच बरा

अकीका झाला की घरात बाळाच्या भेटवस्तूंचा ढीग लागतो. मऊ उशी, छोटे लोड, दुलई, कापडी अस्वल. सगळे मांडले की पाळणा छान सजतो. पण झोपेसाठी तो रिकामाच बरा.

कारण सोपे आहे. पहिले काही महिने बाळाला तोंडावर आलेली वस्तू बाजूला सारता येत नाही. नाक मऊ कापडात रुतले, तर श्वास कोंडतो. म्हणून घट्ट, सपाट गादी आणि ताणून बसवलेली चादर एवढेच पुरे. पहिले वर्षभर उशी नको. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीचीही नको. त्यासाठी बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर, थोडा वेळ पोटावर खेळवावे. झोपवताना मात्र नेहमी उताणेच. अमेरिकेत १९९४ पासून हा सल्ला घरोघरी पोहोचवला गेला आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आले.

मच्छरदाणी जरूर लावा, पण ताणून. अंगावर लोंबणारी नको. लाकडी पाळण्याच्या पट्ट्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. गळ्यातला ताईत किंवा काळा दोरा झोपवण्यापूर्वी काढून ठेवा. अडकला तर फास बसतो. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून डोळा लागताच बाळाला सपाट गादीवर घ्या. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगात एक कपडा जास्त घाला.

भगिनींनो, यावरून दादी-नानीशी वाद नको. त्यांनी शिवलेली दुलई दिवसा खेळायला खाली अंथरा. त्यांनाही बरे वाटेल.